मूत्रपिंडरोपण आणि बुरशीचा धोका

पावसाळ्यांत शिळ्या भाकरीवर दिसणारी बुरशी आपल्या परिचयाची आहे. तिच्यासारख्या अनेक बुरशींचे सूक्ष्म बीजकण हवेंत सदैव तरंगत असतात व श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. निरोगी शरीर त्यांचा परस्पर बंदोबस्त करतें. परंतु ज्याच्या शरीरांत दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलें आहे, त्याची गोष्ट निराळी.

१९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं पहिलें यशस्वी मूत्रपिंडरोपण केलें. दाता व रोगी एकरूप जुळे भाऊ असल्यामुळें परकेपणाचा प्रश्नच आला नाहीं. इतरांच्या बाबतींत मात्र शरीराची प्रतिकारशक्ति नव्या मूत्रपिंडावर शत्रु समजून चालून जाते. तिला आवरणारीं औषधें नेमानें घ्यावीं लागतात. मौज अशी कीं, त्यांपैकीं सायक्लोस्पोरिन हें नॉर्वेच्या मातींतील एका बुरशीपासूनच मिळालें! एका बुरशीनें मूत्रपिंड राखलें. पण पहारा सैल होतांच दुसरींना दार मोकळें झालें.

कॅन्डिडा तोंडांत, अन्ननलिकेंत व मूत्रमार्गांत वाढते. ॲस्परजिलस बहुधा फुप्फुसांत शिरते. कबुतरांच्या विष्ठेंत आढळणारी क्रिप्टोकॉकस मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचते. म्युकरचा रोग, जो २०२१ सालीं आपल्याकडे ‘काळी बुरशी’ म्हणून सर्वतोमुखीं झाला, नाकांतून डोळ्यांकडे पसरतो. रोग्यास मधुमेह असल्यास त्याचें भय अधिक.

उपचारांतील पेंच असा : प्रतिकार दडपणारीं औषधें कमी करावीं तर मूत्रपिंड गमावण्याची भीति, न करावीं तर प्राणांशीं गांठ. शिवाय बुरशीवरील कांहीं औषधांमुळें या औषधांचें रक्तांतील प्रमाण एकाएकीं वाढतें, तर ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडासच अपाय करूं शकतें. म्हणून वारंवार रक्त तपासून मात्रा ठरविणें हें तज्ज्ञाचेंच काम होय.

घरच्या मंडळींनीं काय करावें? घराची मोडतोड चालू असेल तेथें रोग्यास राहूं देऊं नये. कबुतरांची घाण त्यानें साफ करूं नये. बागेंतील माती शक्यतों दुसऱ्यानें हाताळावी. प्रतिकार दडपलेला असल्यामुळें ताप सौम्यच असूं शकतो. म्हणून रेंगाळणारा खोकला, सततची डोकेदुखी, चेहऱ्यावरील सूज किंवा नाकांतील काळी खपली दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. मात्र भीतीपोटीं एकही गोळी स्वतःच्या मतानें बंद करूं नये. आप्ताच्या दानानें मिळालेलें मूत्रपिंड दक्षतेनेंच टिकतें.