पाण्याची वाट अडवू नका

पाऊस यावा म्हणून आपण सारे आभाळाकडे डोळे लावतो. पण अकोल्याच्या जुन्या शहरात जोराचा पाऊस आला, की माणसे आधी उंबऱ्याकडे पाहतात. पाणी आत तर येत नाही? धान्याची कोठी तर भिजत नाही?

आम्ही या जुन्या शहरातच राहतो. अकोल्याच्या मधून मोर्णा नदी वाहते. पश्चिमेच्या काठावर असदगड किल्ला आहे आणि त्याला लागून जुनी वस्ती आहे. गल्ल्यांतले पाणी नालीत जाते. नालीचे पाणी नाल्यात आणि नाल्याचे मोर्णेत जाते. मोर्णा पूर्णेला मिळते. अशी ही पाण्याची वाट आहे.

मग पाणी घरात का शिरते?

पूर्वी घरापुढे मातीचे अंगण असे. मागे परसात झाडे असत. थोडे पाणी तिथे मुरे. आता अंगणात फरशी आली. कवेलूंच्या जागी स्लॅब आला. रस्ताही सिमेंटचा झाला. पाणी मुरायला जागा उरली नाही. त्यात आपली माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिला पाऊस ती पिऊन घेते. मग ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते.

हे पाणी किती असते? हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होते. २० फूट रुंद आणि २५ फूट लांब छप्पर म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर २,३०० लिटर पाणी झाले. म्हणजे २०० लिटरचे ११ ड्रम भरून वर उरेल. गल्लीत अशी ४० घरे असली, तर ९२,००० लिटर! आणि नाली किती रुंद? हातभर. तिच्यातही पन्न्या आणि गाळ.

आता आमचीच चूक सांगतो. आम्ही घराचा ओटा उंच केला. तो नालीवर पुढे आणला आणि वर फरशी पक्की बसवली. पाऊस आला. आमच्या घरात थेंब शिरला नाही. आम्ही खूश झालो. सकाळी खालच्या घरातली म्हातारी मावशी दारात आली. म्हणाली, "गुर्जी, तुमच्या दारचं पानी माह्या चुलीत आलं. आता मी कोनाकडं जाऊ?"

आम्ही जन्मभर मुलांना गणित शिकवले. पण एवढे साधे गणित आम्हाला सुटले नव्हते. आपल्या दारातून हटवलेले पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या दारात जाते.

आम्ही मिस्त्री बोलावला आणि फरशी काढली. खाली नाली गच्च भरली होती. ती साफ केली. वर दोघांना उचलता येतील असे फरशीचे तुकडे ठेवले. पुढच्या पावसात मावशीची चूल कोरडी राहिली.

म्हणून इतके करावे. नालीवर पक्के बांधकाम करू नये. कचरा नालीत लोटू नये. मृगाच्या आधी गल्लीने मिळून गाळ काढावा. काढलेला गाळ काठावर ठेवू नये. पहिल्या सरीत तो परत आत जातो. थोडे अंगण मातीचे ठेवावे. काळ्या मातीत भिंतीजवळ शोषखड्डा करू नये. माती फुगते आणि भिंतीला तडे जातात.

छपराच्या पाण्याला पन्हाळ लावावी. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे. त्याने छप्पर धुऊन निघते. नंतरचे पाणी ड्रममध्ये किंवा हौदात घ्यावे आणि झाकण ठेवावे, नाही तर डास होतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते. तिथल्या बायांना गोड पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. ते गोड पाणी आपण नालीत सोडतो! अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव जुन्या लोकांनी पाणी अडवूनच केले. आपला ड्रम म्हणजे घरचा लहान तलाव.

मात्र नदीला मोठा पूर आला, तर नालीचा इलाज चालत नाही. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका दिवसात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस झाला. मोर्णेला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. नदीच भरली, की नालीचे पाणी जाईल कुठे? अशा वेळी सामानाचा मोह सोडावा. म्हातारी माणसे आणि लेकरे यांना आधी उंच जागी न्यावे.

तुम्ही म्हणाल, "हे शहरातलं झालं. आमच्या खेड्यात काय?" अहो, वावरातल्या धुऱ्याचे तरी दुसरे काय असते? वरच्याने पाणी वळवले, की खालच्याचे पीक जाते. भांडण कोर्टात जाते.

जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले. त्यांनी जलकुंभी आणि कचरा काढला. नदीसाठी हजारो हात लागले. गल्लीच्या नालीला दहा पुरे. त्यात पहिले दोन आपले असावेत.