खिशातला घडीचा चाकू : कामाचा सोबती, पण जपून!

पावसाचा जोर ओसरला की पाचगणीच्या आसपास स्ट्रॉबेरीच्या लागणीची धांदल उडते. भिलार, खिंगर, आंब्रळ, भोसे, गोडवली, कोणत्याही शिवारात जा. लाल मातीचे गादीवाफे, त्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर, खालून गेलेल्या ठिबकच्या नळ्या आणि टोपल्यांतून आलेली रोपे असे चित्र दिसते. या गडबडीत बागायतदाराचा हात दर पाच मिनिटांनी खिशात जातो. बिडी-तंबाखूसाठी नव्हे, चाकूसाठी! सुतळी तोडायची, पेपर कापायचा, खताच्या पोत्याची शिवण उसवायची, रनर छाटायचा, खोक्याची चिकटपट्टी कापायची. सगळ्याला तोच एक घडीचा चाकू.

“सायेब, विळा घरी ऱ्हातो, खुरपं बांधावर ऱ्हातं, पण ह्यो खिशातनं कुठं जात न्हाई,” असे खिंगरकडच्या एका वयस्कर बागायतदाराने मला सांगितले. या चाकूची सारी थोरवी या एका वाक्यात आली. अवजार कितीही चांगले असले तरी कामाच्या वेळी हाताशी नसेल तर त्याचा उपयोग काय?

हलका म्हणून लाडका

हलक्या घडीच्या चाकूचे वजन साधारण चाळीस ते साठ ग्रॅम, म्हणजे चार-पाच तोळे. खिशाला ओझे नाही, पाते मुठीत मिटलेले असल्याने कापड फाटत नाही की मांडीला टोचत नाही. चढ-उताराच्या रानात दिवसभर वाकून काम करणाऱ्याला हे सुख मोठे आहे.

डोंगरातल्या शेतकऱ्याची ही गरज जगभर सारखीच आहे. फ्रान्समधील साव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू बनवला. तो तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या खिशात जाऊन बसला. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला घडीचे चाकू पुरवले. तोच पुढे जगप्रसिद्ध झाला. ओपिनेलच्या चाकूला १९५५ मध्ये एक फिरती कडी बसवण्यात आली. पाते उघडून कडी फिरवली की ते आपोआप मिटत नाही. ही कडी किती मोलाची आहे, ते मी स्वतःच्या बोटावरून सांगतो.

तीन टाक्यांचा धडा

काही वर्षांपूर्वी तासगाव भागात द्राक्षाच्या पाचर कलमाचे प्रात्यक्षिक होते. डॉगरिजच्या खुंटावर काडी बसवून दाखवायची होती. कलमाचा चाकू गाडीतच राहिला होता. खिशात बाजारातून घेतलेला हलका चाकू होता, तोच काढला. खुंटाला उभी चीर दिली, पाते आत अडकले. मागे ओढताना पात्याच्या पाठीवर दाब पडला आणि चाकू खटकन मिटला, तो थेट माझ्या तर्जनीवर. पाते अडवून धरणारा खटका त्या चाकूला नव्हताच. जमलेल्या शेतकऱ्यांपैकी एकाने डोक्याचा टॉवेल फाडून बोट बांधले. तीन टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. वर एक आजोबा म्हणाले, “सायेब, कलम कुणाचं करत व्हता, द्राक्षाचं का बोटाचं?” हसलो, पण धडा कायमचा मिळाला. माझे तीन टाक्यांवर भागले. बोटाची शीर तुटली असती तर बोट जन्मभर वाकले नसते.

हलक्या चाकूची खरी मर्यादा इथे कळते. त्याचे पाते पातळ, बिजागरी लहान. कापायचे काम तो उत्तम करतो, पण उचकटणे, चीर फाकवणे, डबा उघडणे ही त्याची कामे नव्हेत. पाते सरळ उघडेल आणि पक्के अडकेल असाच चाकू घ्यावा. दुकानात तो उघडून पात्याच्या पाठीवर हलका दाब देऊन पाहावा. डुगडुगला तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

कलमासाठी तर वेगळाच चाकू लागतो. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, त्यामुळे काप सपाट येतो आणि काडी खुंटाला चिकटून बसते. साध्या चाकूला दोन्ही बाजूंनी धार असल्याने काप किंचित गोलसर येतो, मध्ये फट राहते आणि कलम वाळते. मग दोष मात्र काडीला दिला जातो.

घडीत दडलेला धोका

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. गेल्या हंगामात एका वस्तीवर दुपारच्या भाकरीला बसलो होतो. घरधन्याने खिशातून चाकू काढला आणि काकडी कापायला घेतली. तासाभरापूर्वी त्याच चाकूने त्यांनी औषधाची पुडी फोडलेली मी पाहिली होती. मी हात धरला. ते म्हणाले, “पुसला की सायेब पायजम्याला!”

पाते पुसले गेले असेल, घडीचे काय? चाकू मिटतो ती खाच आणि बिजागरी यांत पुडीची भुकटी, झाडाचा चीक, माती सगळे जाऊन बसते. विळा बादलीत बुचकळला की स्वच्छ होतो. घडीचा चाकू तसा होत नाही. उघडताना आतली भुकटी पुन्हा पात्यावर येते आणि तिथून काकडी-कांद्यावर. औषध पोटात जायला फवारणीच करावी लागते असे नाही. ज्या घडीमुळे चाकू खिशात मावतो, त्याच घडीत विष साठते. ती काकडी आम्ही टाकून दिली. घरातली दोन पोरे तिच्याकडेच बघत बसली होती, हे मला अजून आठवते.

रोगांचेही तसेच. रोपवाटिकेत रोगट मातृरोपाचा रनर कापला आणि तेच पाते निरोगी रोपाला लावले, तर रोग आपणच पुढे नेतो. आटपाडी भागातल्या डाळिंबावरचा तेल्या छाटणीच्या कात्रीवरून पसरतो. उसाचा खोडवा खुरटवणारा रोग बेणे तोडण्याच्या कोयत्यावरून पसरतो. खिशातला चाकू काही त्याला अपवाद नाही.

हरवणे आणि गंजणे

हलका चाकू पडला तर कळतही नाही. स्ट्रॉबेरीचे काम वाकून करायचे, त्यामुळे सदऱ्याच्या वरच्या खिशातून तो हमखास पडतो. काळ्या मुठीचा असेल तर मल्चिंग पेपरवर दिसत नाही, लाल असेल तर मातीत मिसळून जातो. पिवळ्या मुठीचा घ्यावा किंवा मुठीला पिवळी नाडी बांधावी. उघडा चाकू वाफ्यावर ठेवला तर पेपर फाटतो, ठिबकची नळी चिरते आणि एखाद्या अनवाणी पायालाही तो लागतो.

दुसरा शत्रू आपला पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला त्यापेक्षा कमी, पण दमट धुके दोन्हीकडे. साध्या पोलादाच्या पात्याला धार छान लागते, पण रात्रीत तांबेरा चढावा तसा गंज चढतो. स्टेनलेसचे पाते गंजाला दाद देत नाही, मात्र स्वस्तातल्या पात्याची धार लवकर बोथट होते. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो निसटतो.

खिसा बाप्यांचा, काम बायांचे

रनर छाटणे, पाने काढणे, फळे तोडणे ही कामे बहुतेक ठिकाणी महिला करतात. चाकू मात्र मालकाच्या खिशात. लुगड्याला खिसा नाही, म्हणून बायका नखांनी खुडतात, नाहीतर एकच उघडा चाकू हातोहात फिरतो. कापण्याचे बरेच प्रकार या देवघेवीत होतात. मजुरीच्या हिशेबात दोन-तीन चाकू आणि गळ्यात अडकवायच्या दोऱ्या बसवणे बागायतदाराला जड नाही. आणि चाकू देताना मिटूनच द्यावा.

कायद्याचेही भान हवे

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. त्यातून घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली अवजारे वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू त्यात बसत नाही. तरीही निवडणूक, यात्रा किंवा बंदोबस्ताच्या काळात पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाईचे आदेश निघतात. अशा वेळी गावात जाताना चाकू घरीच ठेवलेला बरा. बटण दाबून उडणारा खटक्याचा चाकू तर शेतकऱ्याने घेऊच नये. विमानात बसताना चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही. अभ्यास दौऱ्याला निघालेल्या एका बागायतदाराचा जुना चाकू असाच विमानतळावर राहिला.

एवढे करा

शेतकरी बंधू-भगिनींनो, चाकू टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. माझ्याही खिशात तो आजही आहे, फक्त आता अडकणारा. पण दोन चाकू ठेवा. एक रानाचा, एक भाकरीचा, आणि ओळखायला त्यांच्या मुठी वेगळ्या रंगाच्या असू द्या. औषधाच्या पुड्यांसाठी फवारणीच्या सामानातच एक जुनी कात्री बांधून ठेवा. ती तिथून हलवू नका. रोपवाटिकेत एका मातृरोपाकडून दुसऱ्याकडे जाताना पाते स्पिरिटने पुसा. रोज संध्याकाळी चाकू उघडून साबणाच्या पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने घडी घासा, कोरडा करा, बिजागरीला तेलाचा एक थेंब द्या. आठवड्यातून एकदा धारेच्या दगडावर फिरवा.

यात पाच मिनिटे जातात. बैलाला संध्याकाळी पाणी दाखवायला आपण कधी कंटाळलो नाही. दिवसभर खिशात राबणाऱ्या या चार तोळ्यांच्या सोबत्यालाही तेवढा वेळ द्यायला हरकत नाही.