हलका छर्रा की जड?

डोंबिवलीच्या घरात दमदार स्प्रिंगची एअर रायफल आली, की मोह होतो हलक्या छर्ऱ्याचा. वेग जास्त ना! पण तो नळीतून चटकन निसटतो, हवेची गादी अपुरी पडते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो. स्प्रिंग लवकर जाते. वेग ध्वनीच्या, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास गेला तर छर्रा डगमगतोही. फार जड छर्ऱ्याने पिस्टन उसळून मागे येतो. ४.५ मिलिमीटरच्या नळीसाठी अर्धा ते पाऊण ग्रॅममधले दोन-तीन प्रकार घेऊन रेंजवर कागदावर पाच-पाच मारून पाहावेत. भोके जवळजवळ पडतील तो आपला. छर्रे बहुधा शिशाचे असतात. ठाणे स्टेशनवर वडापाव घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते.