ह्युंदाईची साख : स्वस्त मालापासून पक्क्या हमीपर्यंत

कापडाच्या धंद्यात आम्ही उभा जन्म एकच पाहिले, पहिल्या धुण्यात रंग गेला की गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. ह्युंदाई या कोरियन कंपनीला हाच अनुभव अमेरिकेत आला.

चुंग जू-युंग या शेतकऱ्याच्या मुलाने १९६७ मध्ये ही मोटार कंपनी काढली. सुरुवातीस उल्सान येथे फोर्डची कॉर्टिना जोडून विकली जाई. १९७५ मध्ये स्वतःची 'पोनी' आली. आखणी इटलीच्या ज्युजारोची, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचे. १९८६ मध्ये 'एक्सेल' अमेरिकेत ४,९९५ डॉलरला उतरली आणि पहिल्याच वर्षी दीड लाखाहून जास्त गाड्या खपल्या. मग मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. गाडी थट्टेचा विषय झाली, खप कोसळला.

यावर भाव आणखी पाडणे हा इलाज नव्हता. १९९८ मध्ये कंपनीने तिकडे इंजिन व गिअरबॉक्सवर दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी जाहीर केली, अर्थात पहिल्या मालकापुरतीच. हमी लिहून देणे सोपे, निभावणे महाग. माल सुधारावाच लागला. २००४ च्या जे. डी. पॉवर पाहणीत नव्या गाड्यांच्या दर्जात ह्युंदाई होंडाच्या बरोबरीस आली.

त्याच १९९८ साली आपल्याकडे श्रीपेरुंबुदूरहून सँट्रो निघाली. तिच्या उंच छपराला लोक आधी हसले, पण मालकांना चढ-उताराची सोय भावली.

तक्रारी मात्र संपल्या नाहीत. इंजिनातील दोषामुळे २०१५ पासून अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या.