तारे मोजा, पण सालही वाचा

एसी घेताना सगळे तारे मोजतात, लेबलवरचं साल कोणी वाचत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोनं २००६ मध्ये सुरू केलेल्या या तारांकन योजनेत निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे कालचा पंचतारांकित एसी आज चार किंवा तीन ताऱ्यांवर घसरू शकतो. (जुना माल खपवणारा दुकानदार हे कशाला सांगेल!) शिवाय लेबलवरचे युनिट वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले असतात.

खरी बचत मात्र डोक्यावर फिरते. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी) मोटरचा तीसेक. रोज बारा तास चालला, तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. २०२३पासून छताच्या पंख्यांनाही लेबल सक्तीचं आहे.