डबल म्हणावे की गप्प बसावे?

पत्त्यांचा विषय व्याख्यानमालेत कशाला, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. पत्ते म्हटले की आपल्याकडे अजूनही जुगार आठवतो. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, आणि त्या निकालात तुलनेसाठी नाव घेतले ते ब्रिजचे. २०१८ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिज प्रथमच आला. तेथे पुरुषांच्या जोड्यांचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी मिळविले. एकाचे वय ६०, दुसऱ्याचे ५६. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना याहून मोठा दिलासा कोणता?

त्याच वर्षी खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत ती उरणला पोहोचली, आणि मुंबईचे कितीतरी संसार खाडी ओलांडून उलव्यात आले. त्यांच्याबरोबर पत्त्यांचे कॅटही आले. संध्याकाळी चौघे जमले की मेंढीकोट चालतो, रमी चालते. ब्रिजपर्यंत येणारे थोडे. पण जे येतात ते एका प्रश्नापाशी हमखास अडतात. समोरच्यांनी गेमची बोली केली. आता डबल म्हणावे की पास?

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. तेरा हातांपैकी पहिले सहा धरून चालायचे. 'चार इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात करण्याचा करार. इस्पिकच्या दर हाताला ३० गुण, चारांचे १२०. करारातल्या हातांचे १०० गुण भरले की गेम होतो आणि वर बक्षीस मिळते. बाजू 'व्हल्नरेबल' असेल तर बक्षीस मोठे, दंडही मोठा. १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्याच्या सफरीत बोटीवर या गुणपद्धतीचा आराखडा मांडला. डबल म्हणजे 'तुमचे हात होणार नाहीत' असे आव्हान. ते खरे ठरले तर दंड वाढतो, खोटे ठरले तर समोरच्याची कमाई वाढते.

आता हिशेब करू. कामगारांच्या मागण्यांचा खर्च मालकाच्या आधी आपण मांडावा, ही संघटनेच्या कामातली आमची सवय आहे. तीच येथे उपयोगी पडते. स्पर्धेच्या पद्धतीने, व्हल्नरेबल नसलेल्या बाजूने चार इस्पिक केले तर तिला ४२० गुण. डबल होऊन केले तर ५९०. म्हणजे आपले डबल फसले की १७० गुण गेले. एक हात बुडाला तर साधा दंड ५०, डबलचा १००. म्हणजे फायदा अवघा ५०. चार वेळा डबल केले, तीनदा बरोबर ठरलो, एकदा चुकलो, तर मिळाले १५० आणि गेले १७०! चारांत तीनदा बरोबर असूनही माणूस तोट्यात. समोरचा रिडबल करील तर एकाच डावात ८८० गुण घेऊन जाईल, ते वेगळेच.

दोन हात बुडाले की चित्र पालटते. साधा दंड १००, डबलचा ३००, फायदा २००. समोरचा व्हल्नरेबल असेल तर एका हाताला फायदा १०० आणि दोनांना ३००, फसल्याची किंमत मात्र तीच १७०. म्हणून आमचा नियम असा : एकच हात बुडेलसे वाटते तेव्हा गप्प बसावे, दोनांचा रंग दिसतो तेव्हा बोलावे. नुसत्या जोड्यांच्या स्पर्धेत, जेथे इतर टेबलांपेक्षा दहा गुण जास्त मिळाले तरी पुरते, तेथे हा नियम सैल करावा लागतो.

पण बुडतील किती, हे ओळखायचे कसे? येथेच बहुतेकांची गल्लत होते. हातात बदामचा एक्का, राजा, राणी आणि आणखी तीन बदाम आले की नवखा खूश होऊन डबल म्हणतो. त्याच्या लेखी ते तीन हात. पण बदाम सहा आपल्याकडे असतील तर उरलेले सात तिघांत वाटले गेले. दुसऱ्याच फेरीला कोणीतरी हुकूम मारणार. तीन चित्रांचा एक हात झाला तरी नशीब! चित्रे मोजू नयेत, हात मोजावेत.

याउलट ही पाने पाहा. दक्षिणेने एक इस्पिक म्हटले, उत्तरेने दोन, दक्षिणेने चाचपत तीन, उत्तरेने कसेबसे चार. आपण पश्चिमेला, म्हणजे दक्षिणेच्या लगेच मागून पान टाकणारे. आपल्याकडे इस्पिकची राणी, दश्शी, नव्वी, चौकी. बदामचा एक्का आणि दोन हलकी पाने. चौकटचे एकच पान. किलवरचा राजा धरून पाच पाने. चित्रे फार नाहीत. पण समोरचे रडतखडत गेमला आले आहेत, त्यांच्याजवळ शिल्लक नाही. म्हणजे उरलेली ताकद आपल्या भिडूकडे असलीच पाहिजे. हुकूम चार आपल्याकडे, आणि तेही खेळणाऱ्याच्या मागे. दोन हात तेथेच. बदामचा एक्का तिसरा. किलवरचा राजा आणि भिडूची पाने मिळून आणखी दोन होणे अवघड नाही. येथे डबल केलेच पाहिजे. हीच इस्पिके पूर्वेकडे, खेळणाऱ्याच्या आधी पान टाकणाऱ्याकडे असती, तर त्यांची निम्मी किंमत गेली असती.

डबलचा आणखी एक खर्च गुणपत्रिकेत दिसत नाही. खेळणाऱ्याजवळ हुकमाचा एक्का-गुलाम आहे, डमीत राजा-दश्शी. राणी कोठे आहे ते त्याला ठाऊक नाही, दोन्ही बाजूंना ती पकडता येते, आणि तो घाम पुसत विचार करतो आहे. अशा वेळी राणीवाल्याने आधीच डबल म्हटलेले असेल तर त्याने पत्ता लिहून हाती दिला. संपाच्या वेळी निधी किती दिवस पुरेल हे आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर कधी सांगितले नाही. ज्या डबलने लपलेली राणी उघडी पडते, ते न केलेले बरे.

एक प्रसंग मात्र असा की तेथे गप्प बसणे परवडत नाही. आपण चार बदाम बोललो, ते होणार होते, आणि समोरच्यांनी केवळ अडवण्यासाठी चार इस्पिक म्हटले. आपला ४२० चा गेम गेला. बदल्यात ५० घेऊन उठायचे काय? येथे डबल ही निव्वळ वसुली आहे.

आता आवाजाविषयी. पूर्वी बोली तोंडी होत असे. 'डबल!' असे टेबल हादरवून म्हटले की भिडूने समजावे, पाने जबर आहेत. पुटपुटले की समजावे, शंका आहे. नियमाने हे केव्हाही गैरच होते. आज स्पर्धांतून बोलीची पेटी असते. डबलसाठी तिच्यातले तांबडे कार्ड मुकाट्याने पुढे ठेवायचे. त्यामुळे बहुतेक भिडूंनी संकेत आधी ठरविलेले असतात. उदाहरणार्थ, उतारी ज्याची नाही त्याने तीन बिनहुकमीला डबल केले, आणि आपल्या बाजूने कोणताच रंग बोललेला नसेल, तर डमीने प्रथम बोललेल्या रंगाची उतारी कर, असा त्याचा अर्थ.

आणि वरच्या चार इस्पिकच्या डावात आपली उतारी असेल तर ती हुकमाची नको. किलवर उतरावे, पुन्हा हात मिळेल तेव्हा पुन्हा किलवर. खेळणाऱ्याला हुकूम मारावा लागतो, त्याची पाचांची चार होतात, मग तीन. आपली चार तशीच राहतात.