तेजी-मंदीची नाडी (लेखांक ९) : साखरेने फुगलेला जानेवारी

पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्सबद्दल आज लिहितो असं म्हटलं होतं. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो. एका वाचकाने विचारलंय, "औद्योगिक उत्पादनाचे आकडे मागाहून बदलतात, मग पहिल्या आकड्याला महत्त्व द्यायचंच कशाला?" याच्या उत्तरासाठी माझ्याकडे साखरेचं एक लाडकं प्रकरण आहे. ते सांगायची संधी मी सोडणार नाही.

१२ मार्च २०१२. जानेवारीत औद्योगिक उत्पादन ६.८ टक्क्यांनी वाढल्याचं केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं. आदल्या ऑक्टोबरात उत्पादन चक्क घटलं होतं, त्यामुळे उद्योगांनी उभारी धरल्यासारखं वाटलं. बरोबर महिन्याने, १२ एप्रिलला, तोच आकडा १.१ टक्क्यांवर आला. जानेवारीत साखर झाली होती ५८.०९ लाख टन. हिशेबात धरली गेली १३४.०८ लाख टन!

निर्देशांकात साखरेचा वाटा शंभरात जेमतेम दीड. एवढ्याशा वाट्याने एवढी उलथापालथ कशी झाली? ढोबळ हिशेब मांडून पाहू. पायाभूत वर्ष होतं २००४-०५. त्या वर्षी देशात साखर झाली सव्वाशे लाख टनांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सरासरी साडेदहा लाख टन. ही सरासरी म्हणजे १००. पण जानेवारी ऐन गाळपाचा महिना. ५८ लाख टनांना साखरेचा निर्देशांक होतो साडेपाचशे, १३४ लाख टनांना पावणेतेराशे. फरक सव्वासातशेचा. त्याचे दीड टक्के म्हणजे जवळजवळ अकरा अंक. एकूण निर्देशांक तेव्हा १८०च्या आसपास होता, म्हणजे सहा टक्क्यांच्या घरातली सूज. हीच चूक ऑगस्टमध्ये झाली असती, तर इतकी सूज आलीच नसती.

ही चूक पकडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती. त्या हंगामात देशभरात साखर झाली साधारण २६० लाख टन. गाळप चालतं पाच-सहा महिने. त्यातली निम्मी साखर एकट्या जानेवारीत कशी होईल? कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही कारखान्याच्या चीफ केमिस्टला विचारलं असतं, तरी तो हसला असता.

चुकीचा आकडा हवेत असतानाच, १५ मार्चला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ८.५ टक्क्यांवर कायम ठेवला. दुरुस्तीनंतर पाचच दिवसांनी, १७ एप्रिलला, त्यात अर्ध्या टक्क्याची कपात केली. कपात साखरेमुळे झाली असं मी म्हणणार नाही. महागाई, तरलता असं बरंच काही तोलून असे निर्णय होतात. पण त्या तराजूत महिनाभर एक खोटं वजन पडून होतं, एवढं खरं.

चूक आणि सुधारणा यांत मात्र फरक करायला हवा. साखरेची ती चूक होती. एरवीची सुधारणा वेगळ्या कारणाने होते. पहिला अंदाज करताना सगळी माहिती हाती आलेली नसते. जे रकाने रिकामे, ते मागच्या कलावरून भरावे लागतात. वारं एका दिशेने वाहत असेल तर हे चालून जातं. दिशा पालटते तेव्हाच मागचा कल दगा देतो. अमेरिकेत २००८च्या शेवटच्या तिमाहीतली अर्थव्यवस्थेची घसरण आधी वार्षिक ३.८ टक्के दराची सांगितली गेली. पुढच्या सुधारणांत ती आठ टक्क्यांच्या वर गेली. ऐन मंदीच्या खाईत असताना निम्मीही खोली दिसली नव्हती.

तेव्हा वाचकमित्रा, पहिला आकडा टाकून देऊ नका, पण त्यावर पैजही लावू नका. तीन महिन्यांची सरासरी काढा. सगळ्यात जास्त उडी मारलेली वस्तू वगळून वाढ किती उरते ते पाहा. ती वस्तू वगळल्यावर तेजी नाहीशी होत असेल, तर ती अर्थव्यवस्थेची तेजी नव्हेच. पुढच्या आठवड्यात मात्र पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्स, नक्की.